विजेची गिटार आणि वादकाचा हात

तंबोरा दुकानांतून घरीं आणला म्हणजे तो पुरा झाला, असें कोणी गवई मानीत नाहीं. घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा मागेंपुढें सरकवून जवारी साधली, म्हणजे मगच तो बोलूं लागतो. विजेची गिटार हें वाद्य मात्र कारखान्यांतलें. तेथें वादकास करण्यासारखें काय उरणार, असें वाटेल. परंतु तिचा इतिहास पाहतां, कारखानदारच अनेकदां वादकाच्या मागून चाललेला दिसतो.

प्रथम या वाद्याचें मर्म पाहूं. पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याच्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे असतात. वरची तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें आणि वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. हें तत्त्व फॅरडे यांनीं १८३१ सालींच सिद्ध केलें होतें. या योजनेस पिकअप म्हणतात. ती वापरून अमेरिकेंतील जॉर्ज बीचम या वादकानें योजिलेली ॲल्युमिनियमची गिटार १९३२ सालीं विक्रीस आली. दांड्याच्या तव्यासारख्या आकारावरून तिला तवा हेंच टोपणनांव पडलें.

पुढें १९४० च्या सुमारास लेस पॉल यांनीं न्यूयॉर्क येथें चार इंच रुंद व चार इंच जाड अशा पाइनच्या ओंडक्यावर तारा व पिकअप बसविले. तो ओंडका गिटारीसारखा दिसावा म्हणून एका गिटारीचें अंग मधोमध कापून त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंस लावले. गिब्सन कंपनीनें ही कल्पना आरंभीं हंसण्यावारीं नेली. १९५२ सालीं मात्र तिनेंच भरीव लांकडाची गिटार काढून तीस लेस पॉल यांचें नांव दिलें.

याहून बोधप्रद गोष्ट एका खटक्याची आहे. लिओ फेंडर यांच्या कारखान्यांतून १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर निघाली. तींत पिकअप तीन आणि खटक्याच्या जागाही तीनच. एका वेळीं एकानेंच बोलावें, अशी योजना होती. वादकांस आढळून आलें कीं, खटका दोन जागांच्या मध्येंच अडकवून ठेवला तर शेजारचे दोन पिकअप एकदम चालू होतात व एक पोकळ, किंचित् अनुनासिक नाद निघतो. प्रत्येक पिकअप तारेचा कंप निराळ्या ठिकाणीं टिपतो. दोहोंचे प्रवाह एकत्र आले म्हणजे कांहीं उपस्वर बळावतात, कांहीं क्षीण होतात. ही जागा रचनाकारानें नेमलेली नव्हती, तरी वादकांनीं ती सोडली नाहीं. अखेर १९७७ सालीं कारखान्यानेंच पांच जागांचा खटका बसविला.

इंग्लंडांत ब्रायन मे या शाळकरी मुलास विकतची चांगली गिटार परवडण्यासारखी नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे. १९६३ सालीं बापलेकांनीं घरींच काम आरंभिलें. आगटीच्या जुन्या चौकटीचें महॉगनी लांकूड, मोटारसायकलीच्या झडपांच्या स्प्रिंगा, अशी जमवाजमव झाली. तीन पिकअपांपैकीं प्रत्येकास चालूबंदचा एक व प्रवाहाची दिशा उलटविणारा एक, असे सहा खटके त्यांनीं बसविले. एकाची दिशा उलटली कीं दोहोंतील समान अंश परस्परांस मारतात व आवाज पातळ, धारदार होतो. हीच घरगुती गिटार पुढें क्वीन या वाद्यवृंदांत, पांचगणीच्या शाळेंत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या गायनासोबत, जगभर ऐकूं आली.

असे लहान फेरफार आजही घरोघरीं होतात. आवाज उतरविण्याची कळ फिरविली कीं तीव्र उपस्वर आधीं मावळतात. कळीच्या आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टोंकांमध्यें एक चिमुकला कपॅसिटर डाख देऊन जोडला, म्हणजे ते त्यांतून निसटून पुढें जातात. खर्च अगदीं थोडका.

हें सारें शक्य झालें, कारण या वाद्याचें झांकण स्क्रूनें बसविलेलें असतें. ज्याला हवें तो तें काढून आंत पाहूं शकतो. आज आपल्या घरांत येणाऱ्या कित्येक वस्तु चिकटवून बंद केलेल्या असतात, आणि त्या उघडूं नयेत अशी ताकीदही सोबत असते. स्ट्रॅटोकास्टर अशीच बंद असती, तरी खटका मध्यें अडकविणाऱ्या वादकाचा हात कोणी धरला नसता. परंतु ब्रायन मे यांच्यासारख्या मुलास कोठें काय जोडलें आहे, हें कोणत्या गिटारीनें दाखविलें असतें?