स्वामी-वारके

लग्नाचा दुसरा वाढदिवस डिसेंबरात. दोन मित्रजोडप्यांना घेऊन बिद्रीला मुक्काम केला. मुरगूड, गारगोटी फिरायचं ठरलं. कारखान्याचा हंगाम जोरात, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. वाटेत एका पाटीवर ‘हुतात्मा स्वामी-वारके सूतगिरणी’ वाचून पुण्याच्या मित्राने विचारलं, “हे स्वामी वारके कोण?”

एक नव्हे, दोन माणसं. करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके. १३ डिसेंबर १९४२ रोजी भूमिगत क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला. गोळीबारात सात जण गेले. मुरगूडचे तुकाराम भारमल त्यांतलेच. मुरगुडात त्यांच्या नावाचा चौक आहे.

भाषणांत एक तपशील सहसा गळतो. गारगोटी ब्रिटिश मुलखात नव्हती, कोल्हापूर संस्थानात होती. म्हणजे कचेरी दरबाराची! गादीवर तेव्हा जेमतेम वर्षाचे शिवाजीराजे. ‘चले जाव’ म्हणायचं ते नेमकं कुणाला? त्या सातांनी हा घोळ घातला नाही. संस्थानाच्या आडून राज्य कुणाचं चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

मुदाळतिट्ट्यावर चहा घेताना मित्राने उरलेल्या चौघांची नावं विचारली. आमच्या वाटेवरच्या एकाही पाटीवर ती नव्हती.