दाताच्या खड्ड्यात काय भरतात?



बिस्किटाचा पुडा घेतला तरी आपण आधी तो उलटून हिरवा ठिपका बघतो. जिलेटिन असेल म्हणून जेली घेत नाही, कॅप्सूल असेल तर डॉक्टरांना गोळी लिहून मागतो. पण दाताच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलो की कोणी विचारत नाही, "डॉक्टर, हे जे भरताय ते कशाचं आहे?" तिथे हिरवा ठिपका नसतो. आणि जे भरलं जातं ते पोटात जाऊन संपत नाही, वर्षानुवर्षं आपल्या हाडामांसाशी एकजीव होऊन राहतं. म्हणून आज दात भरण्याचा इतिहास सांगते. वाचून झाल्यावर काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

दात कोरण्याचा एक फार जुना पुरावा आपल्याच उपखंडातला आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे नऊ माणसांच्या अकरा दाढांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांत काय भरत होते ते मात्र उरलेलं नाही. दात भरल्याचा एक फार जुना नमुना युरोपात, स्लोव्हेनियातला आहे. साधारण साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा एक जबडा, आणि त्यातल्या चिरलेल्या सुळ्यावर मधमाशीचं मेण. म्हणजे माणसाने दात बुजवायला पोळ्याकडेच हात नेला होता. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग आपल्या श्रावकाच्या मूलगुणांत आहे, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मी जरा थांबलेच.

आपल्याकडे भर होता तो दात राखण्यावर. चरकसंहितेत दातवणासाठी झाडांची नावं दिली आहेत, त्यांत पहिलं नाव करंजाचं. आपलं कारंजा शेलूबाजारहून फार दूर नाही, त्यामुळे ते नाव वाचून मला आपल्या घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं. बाभूळ, कडुनिंब, वडाची पारंबी हे तर आपल्या आज्यांचे ब्रश. पण एक लक्षात घ्या, दातवण आणि मंजन दात स्वच्छ करतात, पडलेला खड्डा भरत नाहीत. दाताचं वरचं कवच बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात, त्यामुळे ते कवच झिजलं की नव्याने उगवत नाही. त्याच्या आतला थर, ज्याला डॉक्टर डेंटिन म्हणतात, तो मात्र आतल्या जिवंत पेशी थोडाफार नव्याने बांधू शकतात. दात दुरुस्तीची आजची बरीच धडपड या पेशींना मदत करण्याची आहे.

मधल्या काळात युरोपात श्रीमंतांच्या कवळ्या हत्तीच्या आणि पाणघोड्याच्या दातांपासून कोरत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांत बसवले गेले. एकाच्या हसण्यासाठी केवढी हिंसा!

मग आला झाडाचा चीक. मलाया, सुमात्रा, बोर्निओ इथे गट्टा-पर्चा नावाचं झाड होतं. त्याचा चीक गरम केला की मऊ आणि थंड झाला की घट्ट होतो. सिंगापूरमध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरने १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. काही वर्षांतच त्याने दात भरले जाऊ लागले, आणि १८६७ मध्ये अमेरिकेतल्या बोमन या दंतवैद्याने तो दाताच्या मुळाच्या नळीत भरून दाखवला. आज 'रूट कॅनाल'मध्ये ज्या बारीक गुलाबी काड्या भरतात, त्या याच चिकाच्या. काडीत चीक साधारण पाचवा हिस्सा असतो, बाकी बहुतेक जस्ताची भुकटी.

हाच चीक समुद्राखालच्या तारांवर पाणी लागू नये म्हणून चढवत. १८७० मध्ये मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत जी तार टाकली, तिच्यावरही तोच होता. पण खोडाला खाचा पाडून फार थोडा चीक निघे, म्हणून लोक अख्खं झाडच तोडत. जंगलंच्या जंगलं रिकामी झाली. वस्तू वनस्पतीची असली म्हणजे ती आपोआप अहिंसक होत नाही, हे मला या गोष्टीतून नीट कळलं. झाड एकेंद्रिय जीव आहे हे आपण पाठशाळेत शिकतोच.

घरच्या डब्यातल्या दोन वस्तूही दवाखान्यात पोचल्या आहेत. पहिली लवंग. तिच्या तेलातलं युजेनॉल दुखणं बधिर करतं. ते जस्ताच्या भुकटीत कालवलं की घट्ट होतं आणि तात्पुरतं भरण म्हणून चालतं. ही रीत एकोणिसाव्या शतकापासून आहे. दुसरा चुना. १९२० मध्ये जर्मनीतल्या हरमन यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुनाच, दाताच्या उघड्या पडलेल्या गाभ्यावर वापरायला सुरुवात केली. त्याच्या खाली आतल्या पेशी नवा थर बांधतात. १९९० नंतर अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी एम.टी.ए. नावाचं भरण आणलं. त्याचा पाया बांधकामाच्या सिमेंटसारखाच, पण शुद्ध केलेला. भाजलेला चुना आणि सिमेंट दोन्ही अचित्त, त्यामुळे आपल्याला अडचण नाही. मात्र घरी पानाचा चुना दाताला लावू नका, तोंड भाजेल. लवंगेचं तेलही कापसावर एखादाच थेंब. दुखणं थांबलं म्हणजे कीड थांबली असं नाही.

खरी अडचण हिरडी आणि जबड्याच्या कामात आहे. मागच्या वर्षी सासूबाईंची दाढ काढावी लागली, आणि तिथलं हाड बसू नये म्हणून अकोल्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर हाडाची भुकटी भरू म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हाड कशाचं?" त्यांनी सरळ सांगितलं, "आजी, गुराढोरांचं असतं, भट्टीत तापवून शुद्ध केलेलं." सासूबाई म्हणाल्या, "मग खड्डा राहू द्या. चावायला दुसरी बाजू आहे." डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "कारखान्यात बनवलेलंही मिळतं, ते भरतो. आणि तुमचंच थोडं रक्त फिरवून त्याची जाळी वर ठेवतो." रक्ताची ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी मांडली. त्यात बाहेरचं काहीच घालत नाहीत. जखम चांगली भरली, आणि सासूबाईंचं व्रतही राहिलं.

त्यानंतर मी एक यादी करून ठेवली, तुम्हीही उतरवून घ्या.

हाडाची भुकटी बहुधा गाईगुरांची असते. तिला पर्याय कारखान्यात बनवलेलं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, नाहीतर बायोग्लास. ही काच लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत बनवली आणि ती हाडाला धरून राहते.

कोलॅजनचा पडदा बहुधा डुकराचा किंवा गुरांचा असतो. हिरडीच्या कामातलं एक प्रसिद्ध जेल डुकराच्या कोवळ्या दातांपासून बनतं.

दात काढल्यावर रक्त थांबवायला ठेवतात तो स्पंज जिलेटिनचा असू शकतो. सेल्युलोजचाही मिळतो, तो वनस्पतीच्या तंतूंपासून बनतो.

टाक्यांचा काळा दोरा बऱ्याचदा रेशमाचा असतो. आपण रेशमी साडी सोडतो आणि हिरडीत रेशीम शिवून घेतो! विरघळणारा कृत्रिम दोरा मागा. कॅटगट नको, तो जनावरांच्या आतड्याचा असतो.

दाताचं माप घ्यायचा अल्जिनेट समुद्रशेवाळाचा असतो. कायटोसान मात्र बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात.

म्हणूनच 'नॅचरल' शब्दावर भुलू नका. हाडही नैसर्गिकच आणि रेशीमही. आपला प्रश्न 'कोणाच्या जिवातून आलं' हा आहे, आणि तो खुर्चीवर बसण्याआधी, भेटीची वेळ घेतानाच विचारायचा, म्हणजे डॉक्टरांना दुसरं साहित्य मागवता येतं. पर्याय प्रत्येक वेळी तितकाच चालेल असं नाही. त्याचा गुण काय, तोटा काय, हे त्यांच्याकडून समजून घ्या आणि मग ठरवा. पण या शंकेपायी उपचार लांबवू नका. दाताचा पू अंगात पसरला तर जिवावर बेततं, आणि स्वतःच्या देहाची हेळसांड हा काही धर्म नव्हे.

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे. ती त्यांची साधना, आपल्याला ती मोकळीक नाही. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वीचं जेवण आहे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातात अडकलेलं अन्न रात्रीच जास्त नुकसान करतं. लवकर जेवून नीट चूळ भरली, दात घासले आणि मग तोंड बंद ठेवलं, तर कशाचं भरण हा प्रश्न पुष्कळ घरांत उशिराच येईल.

तुमच्या डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.