मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

वॉशिंग मशीनची मोटर बंद पडली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: "कॉइल जळाली." पण मोटर नुसतीच हूंऽऽ करत असेल आणि फिरत नसेल, तर जरा थांबा. त्या आवाजामागे सव्वाशेहून जास्त वर्षांची गोष्ट आहे. ती माहीत असेल तर नव्या मोटरचे पैसे वाचू शकतात.

मागच्या दिवाळीत किनवटला घरी गेलो तर आमच्या सेमी-ऑटोमॅटिकचं हेच झालेलं. मेकॅनिक "मोटर बदला दादा" सांगून गेला होता आणि आई आठवडाभर चादरी हाताने धूत होती.

आता इतिहास. 1888 च्या मार्चमध्ये इटलीत तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिसने आपलं संशोधन छापलं आणि 1 मे रोजी अमेरिकेत निकोला टेस्लाला पेटंट मिळालं. दोघांनाही स्वतंत्रपणे सुचलेली कल्पना एकच. दोन कॉइलना थोडी आगेमागे वीज द्यायची. मग चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटर त्यामागे ओढला जातो. पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची मोटर केली. शेतातला थ्री-फेज पंप आजही त्याच जातीचा.

घोळ झाला घरात. घरात येतो एकच फेज. त्याचं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. उजवीकडे जावं की डावीकडे, हे रोटरला कळतच नाही. म्हणून तो गुणगुणत बसतो! यावर उपाय कॅपॅसिटर. तो दुसऱ्या कॉइलमधला प्रवाह पुढे सरकवतो, म्हणजे जणू उसना फेज आणतो.

ही युक्ती आपल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. 2000 नंतरच्या दशकात महावितरणने 'सिंगल फेजिंग' आणलं. भारनियमनात गावातले दिवे लागावेत, पण थ्री-फेज पंप चालू नयेत, हा हेतू. लोकांनी कॅपॅसिटर लावून पंप चालवले. गुजरातेत या जुगाडाला 'तोता' म्हणत. यात रोहित्रावर ताण यायचा, मोटरी जळायच्या. पण उभं पीक वाळत असताना कोण थांबणार?

असो. तर डीबगिंग असं:

1. प्लग काढा. पट्टा उतरवून मोटर हाताने फिरवा. अडकत असेल तर दोष बेअरिंगचा.
2. मोकळी फिरली तर कॅपॅसिटर बघा. आधी तो रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. प्लग काढल्यावरही झटका बसू शकतो. आमच्यावर छापलं होतं 10 मायक्रोफॅरड, मल्टिमीटरवर आले 2.3.
3. मशीन एकाच दिशेला फिरत असेल तर आधी टायमर आणि वायरी तपासा. दिशा बदलायला टायमर कॅपॅसिटर एका कॉइलकडून दुसरीकडे वळवतो.
4. कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. सर्किट तुटलेलं असेल किंवा जळका वास येत असेल, तरच मोटर गेली म्हणा.

तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टेजचा नवा कॅपॅसिटर बसवला, मशीन सुरू. (इन्व्हर्टर मोटरवाल्या मशीनना मात्र हे लागू नाही.)

धडधाकट मोटर भंगारात जाते, कारण एक छोटा डबा कुणी मोजत नाही. पुढच्या वेळी कुणी "मोटर जळाली" म्हणालं, तर एवढंच विचारा: कॅपॅसिटर मोजला का?