टाकीवरचा हात

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. १९६७ च्या दिवाळीत आजोबांनी हरिपूरच्या पेवातली हळद विकून त्यांना सेकंडहँड जावा घेऊन दिली. आमच्या गावातली ती पहिली फटफटी. म्हाताऱ्या बायका अजून तिला फटफटीच म्हणतात. आवाजावरूनच नाव पडलेली ही गाडी होती.

अण्णांच्या सगळ्या गोष्टी त्या गाडीवरून सुरू होतात. लहानपणी मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली गोष्ट थर्मासची. पावसाळ्याआधी गुरांना घटसर्पाची लस टोचायची. लस गार राहिली पाहिजे, आणि आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा वीजच नव्हती, मग फ्रीज कुठला? अण्णा पहाटे सांगलीत थर्मासात बर्फ भरायचे, त्यात लसीच्या बाटल्या ठेवायचे, वरून गोणपाट गुंडाळायचे आणि थर्मास मागच्या सीटला सुतळीनं करकचून बांधायचे. तासगाव, भिवघाट, करगणी, आटपाडी. वैशाखातलं ऊन. बर्फ वितळायच्या आत पोचायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात भिवघाटाच्या पुढं गाडी बंद पडली. प्लग काळाठिक्कर झाला होता. अण्णा चाकूच्या टोकानं तो खरवडत बसले होते, तेवढ्यात मेंढरांमागून एक धनगर आला. थर्मासमध्ये काय आहे ते त्यानं विचारलं. कळल्यावर खांद्यावरचं घोंगडं काढलं, चरवीतलं प्यायचं पाणी त्यावर ओतलं आणि ओलं घोंगडं थर्मासभोवती गुंडाळून दिलं. त्या साली पाणी किती लांबून आणावं लागत होतं, हे सांगताना अण्णांचा आवाज आजही बसतो. घोंगडं परत करायला ते चार दिवसांनी गेले, तोवर कळप पुढं सरकला होता. ते घोंगडं आमच्या घरात अजून आहे.

जावा ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची सुरुवातीची रोमन अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. मुंबईचे रुस्तम इराणी यांच्या पुढाकारानं १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली. पुढं तिचंच नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. तिची एक खुबी सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तिला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. डाव्या पायापाशी असलेला दांडा आत दाबून मागं फिरवला की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तोच पुढं आणायचा, मग तो गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. अण्णांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिला आठवडा ती सुरूच करू दिली नाही. नुसता दांडा आत, मागं, पुढं. आठव्या दिवशी गाडी सुरू करून त्यांनी माझा हात टाकीवर ठेवला. “काय कळतंय का बघ,” म्हणाले. थरथर कळत होती, पण तिचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. प्लग धरतोय, ऑइल जास्त पडलंय, पेट्रोल संपत आलंय, हे सगळं अण्णांना तळहातातून कळायचं. लिटरला चाळीस मिली ऑइल ते स्वतः मापून घालायचे, पंपावरच्या पोराच्या हाती तेवढं एक काम त्यांनी कधी दिलं नाही.

आत्याला गाडीवर बसायला मिळायचं ते मागं, पाय एका बाजूला घेऊन. तिची स्वतःची गाडी आली ती लूना. फिरोदियांनी १९७२ मध्ये आणलेली, पायडल मारून सुरू होणारी. शाळेत शिकवायला ती रोज अकरा किलोमीटर लूनावर जायची. मोटारसायकलींच्या कौतुकात आपण लूनाला विसरतो, हे मला फार लागतं. आमच्या घरातल्या बाईला कुणालाही न विचारता बाहेर पडता आलं ते त्या पन्नास सीसीच्या जोरावर. काकांची आरएक्स शंभर त्यानंतरची. तिच्या पिकअपच्या गोष्टी ते अजून सांगतात.

आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी शंभर आली. फोर स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, सारखा प्लग काढायला नको. पेट्रोल भरा आणि विसरून जा, असंच तिच्या जाहिरातीतून सांगितलं जायचं. हे मी मुद्दाम सांगतोय. आजच्या पोरांना गाडीतलं काही कळत नाही असं म्हणताना आपण विसरतो, की गाडी विसरता यावी ही इच्छा आपल्या वडीलधाऱ्यांचीच होती. भिवघाटात उन्हात प्लग खरवडत बसलेल्या माणसाला ती होणारच.

तरुण पोरं गाडीपासून लांब गेलीत असं मला वाटत नाही. २०२४-२५ या एका वर्षात देशात १ कोटी २२ लाखांवर मोटारसायकली आणि ६८ लाखांवर स्कूटर विकल्या गेल्या. आमच्याच गल्लीतली तीन पोरं पुण्यात गाडीवरून जेवणाचे डबे पोचवतात, आणि हप्ता फिटेपर्यंत गाडी त्यांची नसते. अण्णाही माल वेळेत पोचवायलाच धावत होते, पण वाटेत थांबून प्लग खरवडायची त्यांना मुभा होती. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. त्या पोरांच्या आया रात्री फोन उशाशी घेऊन झोपतात.

काळजी वाटते ती शिकवणाऱ्यांची. तासगावात आमचे एक मिस्त्री आहेत. चाळीस वर्षं पोऱ्या ठेवूनच त्यांनी गॅरेज चालवलं. आधी पान्हे पुसायचे, मग टायर, मग क्लच प्लेट, आणि इंजिनाला हात लावायला तिसरं वर्ष उजाडायचं. आता पोऱ्या मिळत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, कार्बोरेटर गेला, बिघाड शोधायला यंत्र जोडावं लागतं. मिस्त्रींचा मुलगा चाकणला कारखान्यात जोडणीच्या लाइनवर आहे. त्याच्या हाताखालून दिवसाला शेकडो गाड्या जातात, पण प्रत्येक गाडीचं त्याच्या वाट्याला एकच काम येतं.

माझी भाची पुण्यात इलेक्ट्रिक स्कूटर चालवते. मागच्या दिवाळीत ती घेऊन आली तेव्हा अण्णांनी सवयीनं तिच्यावर हात ठेवला आणि विचारलं, “चालू हाय का बंद?” तिनं स्क्रीन दाखवली. अण्णांनी वाकून बराच वेळ ती वाचली, चार्जिंग किती, किलोमीटर किती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, “भिवघाटात ही असती तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी भाचीनंच जावाचं नाव काढलं. आठवडाभर दांडा आत, मागं, पुढं. मग टाकीवर हात. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि लांबूनच आवाजावरून तिची चूक सांगायचे. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिनं त्यांना डबलसीट घेतलं. आपल्यासाठी एक आणि त्यांच्यासाठी एक हेल्मेट आणलं होतं. अण्णांनी ते घालून घेतलं. मी मागं मोटारीत होतो.

ओढ्याच्या चढावर जावाचा आवाज बदलला. एकदा अडखळली, पुन्हा अडखळली. मागं बसलेले अण्णा काही बोलले नाहीत, त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता तसाच राहिला. भाचीनं वेग उतरवला, डावा हात टाकीवर ठेवला, मग टाकीखाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवला. गाडी दोनदा खोकली आणि चढ चढून गेली.