लस भायखळ्यात, रोगी पाठीवर

माणसाची प्रगती विज्ञानामुळे अधिक झाली की समाजसुधारणेमुळे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. तो नुसता तर्काने सुटत नाही. १८९७ सालच्या मुंबई-पुण्यात नेऊन तपासला, तर काही हाती लागते.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला गेला. दोन वर्षांनी रोग मुंबईत आला. पाठोपाठ वाल्देमार हाफकिन आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. अवघ्या तीन महिन्यांचे हे काम. विज्ञानाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

पण त्याच मुंबईत, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोक आपली आजारी माणसे लपवू लागले. याला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे घरे उपसणाऱ्या सरकारलाही रोगाची वाट नीट ठाऊक नव्हती. अधिकार मात्र पुरेपूर होता.

याच दिवसांत पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. तिथे लोक रोगी लपवत नव्हते, आणून सोडत होते. यशवंत हे फुले दांपत्याने आसरा दिलेल्या एका ब्राह्मण विधवेचे पुत्र. समाजाने जन्मालाच येऊ दिले नसते असे मूल सुधारणेमुळे वाचले, दत्तक घेतले गेले, शिकून डॉक्टर झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन याच दवाखान्यात आणला. या सेवेत त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

हाफकिनच्या पहिल्या टोचणीला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते.

ही तारीख दोन्ही पक्षांना गप्प करते. करुणेजवळ विश्वास होता, औषध नव्हते. प्रयोगशाळेजवळ लस होती, पण तिच्या आणि वस्तीच्या मध्ये बंदूकधारी सोजीर उभा होता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, तरी हे अंतर तसेच राहिले.

म्हणून ‘अधिक महत्त्वाचे कोणते’ हा प्रश्नच थोडा बदलून विचारायला हवा. उपाय संशोधनातून निघतो, याबद्दल दुमत नाही. मात्र तो कोणाच्या हातून, कोणत्या उंबऱ्यापर्यंत जाईल आणि तिथले दार आतून उघडले जाईल की नाही, हे समाज ठरवतो. शिवाय उद्याचा डॉक्टर कोणाच्या घरात जन्मू शकेल, हेही तोच ठरवतो. यशवंतांच्या बाबतीत ते दवाखाना उघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी, एका विधवेला घरात घेताना ठरले होते.