आधी हिशेब, मग यंत्र

पुसद तालुक्यातून इसापूर धरणाच्या पल्याड गेलं की यवतमाळ जिल्हा संपतो आणि हिंगोली सुरू होतो. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आमच्या भागात तिचा विषय निघाला की बोलणं जमीन, रस्ते आणि नोकऱ्यांवर येतं, आणि ते साहजिक आहे. मला मात्र या प्रयोगातला सगळ्यात ओळखीचा भाग वाटतो तो संगणकाच्या हिशेबाचा. आणि तो हिशेब सुरू झाला पुण्यात, अमेरिकेतल्या लायगोचं बांधकाम सुरू होण्याच्याही आधी.

१९९१ साली 'फिजिकल रिव्ह्यू डी' या नियतकालिकात बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांचा एक शोधनिबंध आला. दोघेही तेव्हा पुण्याच्या 'आयुका'त होते आणि 'आयुका' स्वतः जेमतेम तीन वर्षांची होती. हॅनफर्डला लायगोचं काम सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे यंत्र नाही, डेटा नाही. तरीही प्रश्न असा होता, की उद्या डेटा आलाच तर त्यात लहर शोधायची कशी, आणि त्यासाठी किती गणित करावं लागेल?

यात्रेच्या गर्दीत आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज कसा असतो हे आपल्याला आधीच माहीत असतं. इथेही तसंच. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांची लहर कशी दिसेल, ते सिद्धान्तातून काढायचं. (या आकारांच्या गणितात बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांचा मोठा वाटा आहे.) मग तो नमुना गोंगाटाने भरलेल्या डेटावरून सरकवत न्यायचा आणि कुठे जुळतो ते पाहायचं. अडचण अशी, की ताऱ्यांची वस्तुमानं आधी माहीत नसतात. म्हणून एक नमुना पुरत नाही, नमुन्यांचं अख्खं जाळं लागतं.

ते जाळं किती दाट विणायचं? कपाशी लावताना हाच पेच असतो. दाट लावली तर बियाण्याचा खर्च वाढतो, विरळ लावली तर रान रिकामं राहतं. समजा, दोन नमुन्यांमधल्या फटीत सापडलेल्या लहरीची ताकद ३ टक्के कमी भरली, तर यंत्राची नजर ३ टक्के कमी अंतरापर्यंत पोचते. अंतराचा घन केला की आकाशाचा सुमारे ९ टक्के भाग हातचा जातो. संगणकावर वाचवलेले पैसे असे घटनांच्या रूपात फेडावे लागतात. आणि न शोधलेल्या घटनेची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे आपण काय गमावलं हे नंतरही कळत नाही.

पुढे १९९६मध्ये सौम्य मोहंती आणि धुरंधर यांनी शोध दोन टप्प्यांत करायची पद्धत मांडली. आधी विरळ जाळं टाकायचं आणि जिथे संशय येईल तिथेच दाट. धान्य चाळताना आधी मोठ्या भोकांची चाळणी घेतात, तसंच.

प्रत्यक्ष लहर आली १४ सप्टेंबर २०१५ला. ती जेमतेम ०.२ सेकंद टिकली. गंमत म्हणजे तेव्हा नमुने वापरून तातडीने शोध घेणाऱ्या प्रणाल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर रोखलेल्या होत्या. अशा टकरीतून दुर्बिणींना प्रकाशही दिसण्याची आशा होती, म्हणून त्यांना आधी प्राधान्य. आणि आली ती सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांची लहर! तीन मिनिटांत ती हेरली ती नमुन्यांशिवाय चालणाऱ्या दुसऱ्या एका प्रणालीने. म्हणजे नियोजन चुकलं का? मला तसं वाटत नाही. एकाच प्रणालीवर सगळा भार टाकलेला नव्हता, हेच नियोजन होतं.

पण 'दिसली' आणि 'खरी आहे' यांत पाच महिने गेले. यंत्राची मांडणी होती तशी गोठवली गेली, कोणी काही सुधारायचं नाही. मग सुमारे अडीच लाख नमुने घेऊन सविस्तर शोध झाला. असा योगायोग निव्वळ गोंगाटातून किती वेळा घडेल, हे काढायला एका यंत्राचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत वेळेत मागेपुढे सरकवून पुन्हा पुन्हा तपासला. १६ दिवसांच्या डेटातून अशी ६,०८,००० वर्षांची खोटी नोंद तयार केली. उत्तर आलं, की असा योगायोग सरासरीने २,०३,००० वर्षांत एकदाहूनही कमी वेळा होईल. त्यानंतरच ११ फेब्रुवारी २०१६ला घोषणा झाली.

ही शिस्त अचानक आलेली नव्हती. १६ सप्टेंबर २०१०ला डेटात एक झकास लहर सापडली होती. ती बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखी वाटली, म्हणून तिचं नाव पडलं 'बिग डॉग'. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने विश्लेषण तपासलं, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११मध्ये कॅलिफोर्नियात भर सभेत लिफाफा उघडला. लहर खोटी निघाली, मोजक्या लोकांनी परीक्षा म्हणून मुद्दाम घातलेली. माझ्या क्षेत्रात कोड रिव्ह्यू म्हणजे बऱ्याचदा शुक्रवारी संध्याकाळी दाबलेलं 'अप्रूव्ह' असतं, मीही ते दाबलं आहे. शेकडो लोकांची अशी परीक्षा घ्यायची आणि त्यांनीही ती आधीच मान्य करून टाकायची, ही कल्पना मला अजून पचवता आलेली नाही.

आज 'आयुका'त लायगोच्या डेटासाठी 'सारथी' नावाचा संगणकसमूह आहे, आणि लायगो-इंडियातल्या चार संस्थांपैकी डेटा आणि संगणनाचा भार प्रामुख्याने 'आयुका'कडे आहे. औंढ्याचं यंत्र सुरू झालं की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते जास्त अचूक कळेल, कारण ते बाकीच्या यंत्रांपासून फार दूर आहे. पण आणखी एक यंत्र म्हणजे आणखी एक डेटाचा ओघ, आणि तपासायच्या जुळण्याही जास्त. न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर १०० सेकंदही चालते, तेव्हा तिचे नमुने लांब आणि महाग असतात. १९९१चा तो प्रश्न पुण्यात पुन्हा सोडवायला घ्यावा लागणार आहे, औंढ्याच्या भुजा उभ्या राहण्याआधीच.