पिकअपमध्ये मोठं इंजिन बसवलं तर बाकीच्या गाडीचं काय होतं?

मंडळी, सोशल मीडियावर अशी रील तुम्ही नक्की पाहिली असेल. रंग उडालेली, एका बाजूला पोचा आलेली छोटी अमेरिकन पिकअप सिग्नलला उभी असते. हिरवा दिवा लागतो, टायरमधून धूर निघतो आणि शेजारची महागडी स्पोर्ट्स कार मागे पडते. खाली कमेंटमध्ये दोनच शब्द असतात: 'एलएस स्वॅप'.

हा काय प्रकार आहे? गाडीचं मूळ इंजिन काढून त्या जागी जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवायचं. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये हा उद्योग इतका चालतो की त्यासाठी लागणारे तयार सुटे भाग दुकानात मिळतात. पण रीलमध्ये दिसतं तेवढं ते सोपं नाही. आपल्याकडच्या पिकअपमध्ये असं काही करायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

एस-१० आणि एलएस ही जोडी का जमली?

शेवरोले एस-१० ही छोटी पिकअप १९८२ ते २००४ या मॉडेल वर्षांत अमेरिकेत विकली गेली. नव्वदच्या दशकात तिच्या स्वस्त मॉडेलमध्ये २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन असायचं. त्याची ताकद साधारण १२० हॉर्सपॉवर. वरच्या मॉडेलमध्ये ४.३ लिटरचं व्ही-६ मिळायचं. हे व्ही-६ म्हणजे शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ मधले दोन सिलिंडर कमी करून बनवलेलं इंजिन. म्हणजे बॉनेटखाली व्ही-८ च्या भावंडासाठी जागा कंपनीनंच करून ठेवली होती!

एलएस मालिका १९९७ मध्ये कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधून आली. पण स्वॅप करणाऱ्यांचं खरं लाडकं इंजिन कॉर्व्हेटचं नाही, ट्रकचं आहे. १९९९ पासून सिल्व्हराडोसारख्या मोठ्या पिकअपमध्ये याच मालिकेतलं ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकचं इंजिन येऊ लागलं. ताकद २७० हॉर्सपॉवर, पुढे २८५ आणि त्याहूनही थोडी वर. अशा गाड्या प्रचंड खपल्या, त्यामुळे भंगारवाल्यांकडे ही इंजिनं ढिगानं मिळतात. शिवाय कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आतच असल्यामुळे इंजिन अरुंद राहतं आणि छोट्या गाडीत मावतं. वर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेली व्ही-८ इंजिनं बरीच रुंद होतात.

ताकद वाढते, ती नेमकी कुठे जाते?

इंजिन म्हणजे एका अर्थी हवेचा पंप. जितकी जास्त हवा आत जाईल, तितकं जास्त इंधन जळेल. २.२ लिटरच्या जागी ५.३ लिटर आलं की दर फेरीला दुपटीहून जास्त हवा आत जाते. २.२ लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याची ताकद, साधारण १९० न्यूटन मीटर आहे. ५.३ लिटरचा टॉर्क साधारण ४४० न्यूटन मीटर.

आता थोडं गणित करू. पहिला गिअर ३.०६ चा आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ धरलं, तर इंजिनाचा टॉर्क मागच्या चाकांपर्यंत पोचेस्तोवर सुमारे साडेअकरा पट होतो. छोट्या इंजिनाचे १९० तिथे साधारण २,२०० होतात आणि मोठ्याचे ४४० थेट ५,००० च्या आसपास जातात. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर निघताना त्यात आणखी भर घालतो.

हे ५,००० पेलायचे कुणी? गिअरबॉक्सनं, प्रॉपेलर शाफ्टनं, क्राऊन-पिनियननं आणि अॅक्सलनं. एस-१० चा मागचा अॅक्सल लहान इंजिनांच्या हिशेबानं बनवलेला आहे. त्याचं क्राऊन व्हील जेमतेम साडेसात इंचांच्या आसपास. मोठं इंजिन बसवून सिग्नलला दोन-चार वेळा जोरात पाय दाबला की याचे दात जाऊ शकतात. म्हणून जाणकार मंडळी आधी मागचा अॅक्सल बदलतात, मग इंजिनाला हात लावतात. रीलमध्ये हे कधी दिसत नाही, कारण अॅक्सल बदलताना धूर निघत नाही!

बाकीची कामंही कमी नाहीत. इंजिन फाउंडेशनसाठी अॅडॅप्टर प्लेट लागतात. ट्रकच्या इंजिनाचा ऑइल चेंबर खोल असतो आणि तो एस-१० च्या क्रॉसमेंबरला आपटतो, म्हणून कॅमारो कारचा उथळ चेंबर लावतात. डावीकडचा एक्झॉस्ट स्टीअरिंगच्या दांड्याजवळून जातो, तिथे जागा करावी लागते. रेडिएटर मोठा हवा. नवीन गिअरबॉक्सची लांबी वेगळी असेल तर प्रॉपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो. पुढच्या चाकांवर वजन वाढतं, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगही बदलाव्या लागतात.

इंधनाचा पंप हा सगळ्यात फसवा मुद्दा. जुन्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या एस-१० मध्ये पंपाचा दाब साधारण १२ पीएसआय असतो, तर ५.३ ला ५८ पीएसआय लागतो. पंप तोच ठेवला तर सगळं जोडूनही इंजिन धड चालत नाही आणि माणूस आठवडाभर वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. वायरिंगची भानगड तर वेगळीच. नवीन इंजिनाचा ईसीयू जुन्या गाडीची चोरीविरोधी किल्ली ओळखत नाही, म्हणून त्याचं प्रोग्रॅमिंग बदलून घ्यावं लागतं. भंगारातलं इंजिन स्वस्त मिळतं हे खरं, पण खर्चाचा मोठा वाटा या बाकीच्या यादीत जातो.

कंपनीनं हेच केलं तेव्हा काय झालं?

१९९१ मध्ये जीएमसीनं एस-१० च्या जुळ्या भावंडावर, म्हणजे सोनोमावर आधारलेली 'सायक्लोन' नावाची पिकअप काढली. तिच्यात व्ही-८ नव्हतंच. तेच ४.३ लिटरचं व्ही-६ टर्बो लावून २८० हॉर्सपॉवरवर नेलं होतं. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं पाव मैलाच्या शर्यतीत तिला फेरारी ३४८ शेजारी उभं केलं आणि पिकअपनं फेरारीला हरवलं.

पण कंपनीनं फक्त इंजिन वाढवून गाडी सोडली नाही. ताकद चारही चाकांत वाटली आणि चारही चाकांना एबीएस दिलं. गंमत म्हणजे हौद्यात माल किती घ्यायचा, तर फक्त ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. इतकी ताकदवान पिकअप, आणि माल साध्या एस-१० पेक्षाही कमी!

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. गाडीनं किती वजन न्यावं हे इंजिन ठरवत नाही. ते चेसिस, पाटे, अॅक्सल, टायर आणि ब्रेक ठरवतात. मोठ्या इंजिनामुळे जास्तीचा माल घेऊन घाट चढता येईलही. पण घाट उतरताना ते सगळं वजन जुन्याच ब्रेकला थांबवायचं असतं. वेगाचंही तसंच. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना सुमारे पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत परवानगी आहे, पण अटींसह. इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा जागेवर हवी. कॅलिफोर्नियात तर स्वॅप केलेली गाडी सरकारी रेफ्रीकडून तपासून घ्यावी लागते.

भारतात इंजिन बदलण्याची हौस जुनीच आहे, फक्त कारण उलटं होतं. पूर्वी पेट्रोल जीप आणि अॅम्बेसेडरमध्ये लोक डिझेल इंजिन टाकायचे, ते ताकदीसाठी नव्हे तर इंधनाचा खर्च वाचवायला. आज नियम बरेच कडक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किटची सोय कायद्यात आहे. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बसवता येतं, आणि मग आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा असतो. जास्त ताकदीचं वेगळंच इंजिन या चौकटीत बसत नाही.

परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्तीचा माल भरला तर कलम १९४ वेगळं लागतं: २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी आरसी आणि इंजिन नंबर जुळत नाही यावरूनच वाद सुरू होतो.

ज्यांना रोज खरंच जास्त ओढायची ताकद हवी आहे, त्यांच्यासाठी जास्त क्षमतेची पिकअप सेकंडहँड घेणं हिशेबात सहसा स्वस्त पडतं. घेताना आरसीवरचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, आधी वाचा. हॉर्सपॉवरचा आकडा नंतर.